सव्वीस सेकंदांचं गाव

तीर्थरूप दादांच्या चरणी,

मेव्हण्याचा उभ्याउभ्या साष्टांग नमस्कार. (खोलीत खुर्ची आहे, टेबलही आहे. पण माझं तुम्हाला ठाऊकच आहे. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितोय, आणि दर परिच्छेदानंतर खोलीला एक फेरी मारतोय. अक्षर मध्येच बदललेलं दिसलं तर समजा की फेरी झाली.) तुमचा खोकला गेला का, की नुसता दबा धरून बसलाय? डोळ्यांचे थेंब दोन्ही वेळा घालता ना? तुमच्या जिन्यातला दिवा कोणी बदलला का? मी निघालो तेव्हा तो मिचमिचत होता आणि मी बदलणार होतो, पण गाडीची वेळ झाली. त्या दिव्याची टोचणी मला इथे चार महिने लागून राहिलीय.

वहिनी गेल्यापासून दोन वर्षं तुमच्या बहिणीने केलेला डबा मी कामावर जाताना तुमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचवत होतो. तेवढीच आपली रोजची भेट. तुम्ही दार उघडायचे, डबा घ्यायचे, पृथ्वीवर कुठेतरी झालेल्या भूकंपाची बातमी द्यायचे आणि दार लावायचे. (भूगोलाचे मास्तर निवृत्त होतात, भूगोल होत नाही.) त्या बातम्यांवाचून इथे सकाळ सुनी वाटते. हे सगळं फोनवर का नाही सांगितलं म्हणाल, तर तुमच्या बहिणीबद्दल काही बोलायचं असेल तर ते फोनवर बोलू नये हे मी सत्तावीस वर्षांच्या संसारात शिकलोय. तिला ते कुठूनही ऐकू येतं.

आता मुद्द्यावर येतो. तुम्हाला मी सांगितलं होतं की माझी बदली झाली. ते खरं नाही. बदली मी मागून घेतली, आणि त्याचं कारण तुम्हाला सांगायला मला लाज वाटत होती. मी सिग्नलवाला. रस्त्यावर कोणी किती थांबायचं आणि कोणी किती चालायचं हे ठरवण्यात माझा जन्म गेला. आपल्या बाजारापुढच्या मोठ्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांसाठी तो हिरवा माणूस लागतो ना, तो किती सेकंद लागावा हे अकरा वर्षांपूर्वी मीच ठरवलं. वीस मीटर रस्ता, अठरा सेकंद. नियमात चोख बसत होतं. साहेबांनी शाबासकीही दिली होती. मग तुमच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिन्यांनी ती काठी टाकून पहिल्यांदाच एकटी भाजीला निघाली, आणि रस्त्याच्या मधोमध माझे अठरा सेकंद संपले. दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या. एका ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. ती तिथे पिशवी छातीशी धरून, पुढचा हिरवा लागेपर्यंत, दीड मिनिट उभी राहिली. घरी येऊन माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसतं पाणी प्यायली आणि म्हणाली, "अठराच का हो?"

त्यानंतर दीड-दोन महिने ती घराबाहेर पडली नाही. मी तिला बाहेर काढायचे नाना प्रयत्न केले. (आमच्या बोळकंडीत खडूने रेघा मारून, हातात घड्याळ धरून तिला चालवून बघितलं. तिसऱ्या फेरीला तिने खडू माझ्या हातातून काढून घेतला आणि फरशीवर जे लिहिलं ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.) शेवटी एकदा वैतागून ती म्हणाली, "चालता येईल असं गाव असतं, आणि चालावंसं वाटेल असं गाव असतं. दोन्ही एकाच ठिकाणी सापडलं तर मला सांगा, तोवर माझ्या मागे लागू नका." आता बायको असं बोलते तेव्हा शहाणा नवरा गप्प बसतो. मी बदलीचा अर्ज केला.

जिथे बिघडलेल्या सिग्नलच्या पेट्या दुरुस्तीला येतात ते आमचं वर्कशॉप इथे आहे, आणि त्याच्या आसपास तीन छोटी गावं आहेत. कुठेही राहावं आणि छोट्या गाडीने कामावर यावं. पहिलं गाव मला घरं दाखवणाऱ्या दलालाने दाखवलं. टेकडीवर, चित्रासारखं. खिडकीखिडकीत फुलांच्या कुंड्या, भिंतींना पिवळा रंग, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी आत शिरायचा प्रश्नच नाही. दुकान कुठे? पाच मिनिटांवर. दवाखाना? पाच मिनिटांवर. (दलालाची पाच मिनिटं हे वेगळंच माप आहे. त्याला विचारलं असतं तर तुमचं विषुववृत्तसुद्धा पाच मिनिटांवर निघालं असतं.) मी भारावून त्याच्या मागे चढत गेलो. सवयीने पायऱ्या मोजत होतो. दोनशे चौदाव्या पायरीवर घर आलं. गच्चीवरून खालची नदी दिसत होती, वारा सुटला होता, मी मनात पडदे लावून मोकळा झालो होतो, आणि तिथे, दोनशे चौदाव्या पायरीवर, मला आठवलं की मी घर कोणाच्या गुडघ्यासाठी शोधतोय. दलाल म्हणाला, उतरताना त्रास होत नाही. मी त्याला नमस्कार केला आणि उतरलो. त्रास झाला.

तिसरं गाव बघायला गेलो त्या दिवशी तिथे धुकं होतं, त्यामुळे ते आहे एवढंच खात्रीने सांगू शकतो.

राहिलं दुसरं. तिथेच सध्या माझा मुक्काम आहे, एका निवृत्त सुईणबाईंच्या घरी, वरच्या खोलीत. गाव सपाट, तळहातासारखं. नदीकाठी झाडं, झाडांखाली बाक, बाकांवर माणसं. भाजी, दवाखाना, वाचनालय, चांभार, सगळं खरोखरच हाकेच्या अंतरावर. अडचण एकच, की लोक हाका मारतात. घरापासून पाववाल्याचं दुकान एकशे चाळीस पावलं. पहिल्या दिवशी मला पाव आणायला पाऊण तास लागला. कोण, कुठले, काय करता, बायको कुठे आहे, का नाही आली, येणार कधी? माझ्यासारख्या माणसाला चालायला हवं असतं हो, थांबायला नको असतं. त्यात सुईणबाईंनी अर्ध्या गावाला स्वतःच्या हाताने जगात आणलेलं, त्यामुळे त्या मिशीवाल्या पन्नाशीच्या बाप्यालासुद्धा "काय रे बाळा" म्हणतात आणि त्याला माझ्याकडे पाठवून देतात, की जा, नवीन माणसाशी बोल. मी पाचव्या दिवशी मागच्या गल्लीने जायला लागलो. सहाव्या दिवशी मागच्या गल्लीत तिघे जण माझी वाट बघत उभे होते.

पण गाव चालण्यासारखं होतं, आणि (मी तर दगडाचा माणूस, पण तरीही) चालावंसं वाटण्यासारखंही होतं. फक्त गावात एक मोठा रस्ता होता, बाजार आणि नदी यांच्या मधून जाणारा, आणि त्या रस्त्यावर एकच सिग्नल. चौदा मीटर रुंदी. हिरवा माणूस बारा सेकंद. नियमात चोख बसत होतं.

दादा, मी त्या सिग्नलपाशी रोज उभा राहायला लागलो. म्हातारी माणसं घाईने पाय ओढत पलीकडे जायची, शेवटच्या दोन ढांगा तर अक्षरशः उडी मारल्यासारख्या, आणि पलीकडे पोचल्यावर एकमेकांकडे बघून हसायची, जणू काही जिंकली. ते हसू मला बघवेना. बोळकंडीतल्या रेघांवरून माझ्याकडे आकडा होता. चौदा मीटरला तुमच्या बहिणीला लागणार होते तेवीस सेकंद. आणि मध्येच एकदा मागे वळून बघायला तीन. सोमवारी सकाळी मी केशरी जाकीट घातलं, किल्ली घेतली, पेटी उघडली आणि बाराचे सव्वीस केले. कोणी हटकलं नाही. केशरी जाकीट घातलेल्या माणसाने भर रस्त्यात विहीर खणली तरी लोक बाजूने जातात.

दोन दिवस आनंदीआनंद होता. तिसऱ्या दिवसापासून काय झालं की बाकावरच्या मंडळींना वेळ पुरून उरायला लागला. आधी ती नुसती सावकाश चालायला लागली. मग मध्ये थांबून समोरून येणाऱ्याची विचारपूस करायला लागली. गुरुवारी दोन आजीबाई रस्त्याच्या बरोब्बर मधोमध भेटल्या आणि सव्वीस सेकंदही त्यांना अपुरे पडले, कारण विषय सुनेचा होता. गाड्यांची रांग पुलापर्यंत गेली. पावाची गाडी अडकली, तिच्या ड्रायव्हरने खाली उतरून वर्तमानपत्र उघडलं. स्टेशनवर जाणारी बस अडकली आणि बसमधल्या अकरा जणांची गाडी चुकली. शुक्रवारी नगरपालिकेची तक्रार निघाली: कोणा अज्ञात इसमाने सिग्नलच्या पेटीत ढवळाढवळ केली आहे, तरी चौकशी व्हावी. तक्रार गेली आमच्या वर्कशॉपात. आणि वर्कशॉपात त्या गावात राहणारा माणूस एकच, म्हणून चौकशीचं काम आलं माझ्याकडे.

(इथे मी खोलीला तीन फेऱ्या मारल्या.)

मी वही-पेन घेऊन चौकशीला गेलो. नगरपालिकेचा कारकून सोबत होता, त्यामुळे पळवाट नव्हती. बाकावरचे एक निवृत्त पोस्टमन साक्ष द्यायला पुढे आले. म्हणाले, "उंच आहे. एक खांदा जरा खाली. एका जागी म्हणून उभा राहत नाही. घड्याळ मनगटाला बांधत नाही, हातात धरून हिंडतो. गावचा नाही." मी मान खाली घालून लिहीत होतो. आयुष्यात कोणी माझं इतकं अचूक वर्णन केलं नव्हतं, तुमच्या बहिणीला धरून. मग पोस्टमननी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "दिसायला साधारण तुमच्यासारखाच, साहेब. पण तुम्ही सभ्य वाटता." तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून सुईणबाई भाजीची पिशवी हलवत ओरडल्या, "अरे, तोच आहे तो! माझा भाडेकरू! मी पाहिलंय त्याला पेटी उघडताना!"

सगळं बाक माझ्याकडे बघायला लागलं. कारकुनाचं तोंड उघडं. मी म्हटलं, संपलं, अठ्ठावीस वर्षांची नोकरी या चौदा मीटरात संपली. पण पोस्टमन शांतपणे उठले, टोपी नीट केली आणि कारकुनाला म्हणाले, "माझी साक्ष खोडा. मला लांबचं दिसत नाही." शेजारचे दोघे म्हणाले, त्यांनाही दिसत नाही. सुईणबाईंना परिस्थिती रस्ता ओलांडेपर्यंत कळली होती (सव्वीस सेकंद मिळाले ना). त्या येऊन म्हणाल्या, "मी तर मंगळवारचं बोलत होते. मंगळवारी तो पेटी पुसत होता." त्यांना सव्वीस हवे होते, दादा. एका सिग्नलसाठी अख्खं बाक खोटं बोलायला तयार झालं.

पण मला काही ते पेलवेना. रात्रंदिवस नियम लावणारा माणूस मी, दुसऱ्याच्या खोट्याआड कसा लपणार? मी अहवालात लिहिलं: "चौकशीअंती असे आढळून आले की सदर कृत्य चौकशी अधिकाऱ्यानेच केलेले आहे." आणि कागद घेऊन आमच्या मुख्य बाईंच्या समोर उभा राहिलो. त्या बाई कमी बोलतात. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "सव्वीस का?" मी सांगितलं. अठराचं सांगितलं, पिशवी छातीशी धरून उभी राहिलेली तुमची बहीण सांगितली, बोळकंडीतल्या रेघा सांगितल्या. कधी नव्हे तो एका जागी उभा राहून सांगितलं. बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "अर्ज करायचा असतो. अर्ज केला असतात तर मी तीस दिले असते."

माझ्याकडची किल्ली काढून घेतली. एक पगारवाढ अडली, लेखी ताकीद मिळाली, आणि पुढचं वर्षभर मला पेट्या पुसायच्या आहेत. (म्हणजे सुईणबाई खोटं बोलल्याच नाहीत, जरा आधी बोलल्या.) सिग्नलचं म्हणाल, तर बाकावरच्या मंडळींनी एकशे सात सह्या गोळा करून अर्ज दिला, आणि बाईंनी सव्वीस कायम केले. मात्र रस्त्याच्या मधोमध एक पाटी लावली: "रस्त्यात गप्पा मारू नयेत." पाटी वाचायला लोक रस्त्यात थांबतात.

आणि मग काल शनिवारी तुमची बहीण गाव बघायला आली. मी आठवडाभर आधीपासून तयारी केली होती. स्टेशनवरून तिला नदीकाठाने आणली, झाडांखालून. बाकावरच्या मंडळींनी उठून नमस्कार केला. (मी कोणालाही काही सांगितलं नव्हतं, गावाला सगळं माहीत होतं.) सिग्नलपाशी मी तिला म्हटलं, तू ये सावकाश, मी पलीकडे उभा राहतो. आणि घड्याळ काढलं. हिरवा लागला. ती निघाली. ती आली, अगदी सरळ, इकडेतिकडे न बघता, आणि माझ्यापाशी पोचली तेव्हा सोळा सेकंद झाले होते. सोळा! माझा सगळा हिशेब चुकला. मी म्हटलं, हे कसं काय? तर म्हणते, "चार महिने दादाचा डबा कोण नेतंय असं वाटलं तुम्हाला? मोठा रस्ता टाळून मागच्या गल्लीने जाते. रोज तीन मजले चढते आणि उतरते. ते घड्याळ खिशात ठेवा आधी, माणसं बघताहेत."

तेव्हा माझी नोकरी ज्या दहा सेकंदांसाठी जाता जाता राहिली त्यांची गरजच नव्हती, हे मला भर रस्त्याच्या कडेला कळलं. असो. बाकावरच्यांना होती.

गाव तिला आवडलं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, ती म्हणाली. सुईणबाईंचं घर आवडलं, नदी आवडली, पाववाल्याकडे पाऊण तास उभी राहिली आणि तिला तो पाच मिनिटांसारखा वाटला. मी म्हटलं, झालं तर मग, पुढच्या महिन्यात सामान हलवू. तर ती नदीकडे बघत म्हणाली, "गाव छानच आहे. पण मी नाही येणार." का? तर "नाही म्हणजे नाही." गुडघा? बरा आहे. शेजारपाजार? तसं काही नाही. माझं काही चुकलं? "तुमचं कधी चुकत नाही का? पण ते नाही." बस. तिथून पुढे तोंडाला कुलूप. आत्ता ती खाली सुईणबाईंशी गप्पा मारत बसलीय, दोन तास झाले. तिथे कुलूप नाही, फक्त माझ्यासाठी आहे. दादा, मी चार महिने तीन गावं पायाखाली घातली, एका पूर्ण नगरपालिकेला वेठीला धरलं, आणि मला अजून कळत नाही की मी शोधत काय होतो.

तब्येतीला जपा. थंड पाणी पिऊ नका. वाचनालयातून आणलेली पुस्तकं वेळेवर परत करा, नाहीतर तिथल्या बाई आमच्या घरी निरोप धाडतात.

आपला आज्ञाधारक (आणि आता किल्लीविना),
मेव्हणा

ता. क. खरं तर पत्र ज्यासाठी लिहिलं ते लिहायचं राहिलंच. तुम्ही तिचे मोठे भाऊ. तुमचा शब्द ती आजवर खाली पडू देत नाही. तेव्हा तिला एकदा समोर बसवून सांगा, की नवऱ्याबरोबर जा. एवढंच. तुमच्या एका वाक्याने माझं घर होईल. हे मी सांगितलं असं सांगू नका. तुम्हाला आपसूक सुचलं असं दाखवा.

ता. क. पुन्हा. पोस्टाला चार दिवस लागतात आणि मला चार दिवस धीर निघणार नाही, म्हणून हे तिच्याच हाती पाठवतोय. पाकीट चिकटवलं आहे. तुम्हीच उघडा, आणि वाचून झालं की फाडून टाका.

ता. क. दादा, पाकीट नीट चिकटलं नव्हतं. गाडीत बसून सगळं वाचलं, दोनदा. हे कधी काही नीट सांगत नाहीत, मग असं वीस पानं लिहितात.

तुझ्या तोंडावर बोलायला गेले की तू विषय बदलतोस, म्हणून मीही इथेच लिहिते. मला गाव पसंत आहे. घर पसंत आहे. नवराही आहे, काय करणार. अडचण तू आहेस. वहिनी गेल्यावर तू माणसांशी बोलणं सोडलंस. दिवसातून एकदा माझ्याशी बोलतोस, तेही दारात उभा राहून. मी गेले की तेही संपेल, आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. हे यांना सांगितलं असतं तर यांनी तुलाही हातात घड्याळ घेऊन बोळातून चालवलं असतं.

सुईणबाईंच्या घरात खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला एक खोली रिकामी आहे. मोठी आहे, उजेड आहे, दार अंगणात उघडतं. त्यांच्याशी मी बोलून ठेवलंय. त्यांनी एकच विचारलं, तुझे भाऊ बोलतात का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, आण, बघते मी. तुझे गुंडाळून ठेवलेले सगळे नकाशे लावता येतील का म्हणून भिंती टेपने मोजून आले. सहा लागतील, सातवा छताला लावावा लागेल.

हे पत्र तुझ्या दाराच्या फटीतून सरकवते आणि संध्याकाळी डबा घेऊन येते, तोवर विचार कर. आज दारात देणार नाही, आत येऊन बसणार आहे. नाही म्हणालास तरी बसेन. मला घाई नाही, घाई यांना आहे.